सतरा सप्टेंबर : दिवस कुणाचा?

दरवर्षी १७ सप्टेंबरला धाराशिवात ध्वजवंदन होतं, हुतात्म्यांना मानवंदना होते, भाषणं होतात. आज आम्ही त्या भाषणांविषयीच बोलणार आहोत. कारण त्यांत एक घोटाळा आहे आणि तो शब्दांचा आहे.

आधी घटना बघू. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय लष्कर सोलापूरच्या बाजूनं निजामाच्या हद्दीत शिरलं. सुरुवातीलाच झुंज झाली ती आपल्या नळदुर्गला. तिथं शीख पलटणीचे हवालदार बच्चितर सिंग मांडीत गोळ्या लागलेल्या असताना सरपटत पुढं गेले, हातगोळे टाकून समोरचा मोर्चा बंद पाडला आणि धारातीर्थी पडले. १७ तारखेला निजामानं युद्धबंदी जाहीर केली.

रणगाडे होते, विमानं होती, तरी नाव दिलं गेलं 'पोलीस कारवाई'. कारण उघड आहे. हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली होती. 'युद्ध' म्हटलं की समोर दुसरं राष्ट्र आहे, हे कबूल करावं लागतं. राजकारण म्हणून ते बरोबरच होतं. पण शब्दाला परिणाम असतात. परमवीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्याला मिळतं. बच्चितर सिंगांना मरणोत्तर मिळालं अशोक चक्र, म्हणजे शत्रू समोर नसतानाच्या शौर्याचं! पदक सर्वोच्चच, त्याचा मान कमी नाही. पण त्यांना ज्यानं गोळ्या घातल्या तो मग कोण होता? हे भाषणांत कुणी विचारत नाही.

आता दुसरी गोष्ट, जरा अवघड. कारवाईच्या काळात आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीनं एकूण २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं. तुम्ही म्हणाल, रझाकारांनी जाळलेली गावं विसरायची का? मुळीच नाही. पण एका अन्यायाची आठवण दुसऱ्यावर पांघरूण घालायला वापरली, की ती आठवण राहत नाही, सबब होते.

अमेरिकेत १८६८ साली यादवी युद्धातल्या सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायला ३० मे हा दिवस ठरला. तो दिवस मेलेल्यांपासून सुरू झाला. आपला सुरू झाला निजामाच्या शरणागतीच्या तारखेपासून, म्हणून त्यात मेलेल्यांना जागा शोधावी लागते. विलीनीकरण की मुक्ती, यावर शेजारी तेलंगणात अजून वाद चालतो. मेलेल्याला त्याचं काय?

आमचं म्हणणं एवढंच आहे. 'मुक्तिसंग्राम' हा शब्द आम्हांला प्रिय आहे, तो राहू द्या. पण मुक्ती झाली असेल, तर खरं बोलायची भीतीही सुटायला हवी. पुढच्या सतरा सप्टेंबरला भाषण थोडं आवरा. नळदुर्गचा तो पंजाबी हवालदार, गावोगावचे सत्याग्रही आणि नंतर विनाकारण मारले गेलेले आपलेच शेजारी, तिघांसाठीही उभे राहा. मौन एकच पुरे.