शेवटची गाडी आणि भैरवी

गाण्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. कोणाचा आकार खुला, कोणाची लयकारी आडवळणाची, अमुक चीज तमुक घराण्यात जाऊन कशी पालटली, यावर वाद घालीत आपण रात्र जागवू शकतो. पण मैफल उठल्यावर माणसे घरी कशी पोचली, हा प्रश्न समीक्षेत बसतो असे कोणाला वाटत नाही. तो चिटणिसांचा, किंवा फार तर श्रोत्यांच्या घरच्या मंडळींचा प्रश्न समजला जातो. मला तो थेट गाण्याचा प्रश्न वाटतो. मुंबईच्या लहान लहान सभागृहांतून आज जे गाणे कानी पडते, त्याला आकार देण्यात गुरूच्या तालमीइतकाच वाटा लोकलच्या वेळापत्रकाचा आहे, आणि त्याची दखल न घेता त्या गाण्याचे माप काढणे हा गवयावर थोडासा अन्यायच आहे.

दादर, पार्ले, ठाणे, कोठलेही दोन-अडीचशे खुर्च्यांचे सभागृह घ्या. पत्रिकेवर साडेसहा छापलेले असतात. तंबोरे जुळून षड्ज लागेपर्यंत साडेसात होतात. पहिला राग बुवा नेटाने मांडतात. मध्यंतर होते, बटाटेवडा आणि चहा होतो. दुसरा राग विलंबितात जेमतेम मूळ धरू लागतो, तोच सव्वानऊच्या सुमारास सभागृहात एक नवीनच साथसंगत सुरू होते. पिशव्यांच्या चेनी ओढल्या जातात, खुर्च्यांच्या बैठका फटकन मिटतात, दार कुरकुरते. डोंबिवलीला जायचे आहे ते आधी उठतात, मागोमाग विरारकर, मग बोरिवलीकर. शेवटी उरतात ती पाच मिनिटांत पायी घरी जाणारी मंडळी आणि तबलजींचे नातेवाईक. व्यासपीठावर बसलेल्या माणसाला हे सारे दिसत असते. त्याने करावे काय? तो स्वरांची चाललेली बढत अर्ध्यावर सोडतो, तबल्याला डोळ्यांनी खूण करतो, आणि द्रुत चीज सुरू होते. दुसऱ्या दिवशी आपल्यातलाच कोणी लिहून टाकतो की, उत्तरार्धात बुवांची मांडणी घाईची वाटली. ती घाई बुवांच्या गळ्यात कर्जत गाडीने घातली होती, हे त्याच्या ध्यानात येत नाही. कारण बहुधा तोही आधीच उठून गेलेला असतो!

जुन्या मैफलींचा विषय निघाला की आपण एक उसासा टाकतो आणि म्हणतो, तेव्हाचे रसिकच निराळे. निराळे होते की नव्हते देव जाणे. त्यांची घरे मात्र जवळ होती. गिरगावचाच नकाशा पुढे घ्या. ऑपेरा हाउसपाशी देवधरांचे स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक, १९२५ साली निघालेले. कुमार गंधर्व तिथेच घडले. त्याच परिसरात लक्ष्मीबाग, जिथे ऐकलेल्या गाण्यांच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. पुढे ब्राह्मण सभा. आणि या सगळ्यांना वेढून चाळीच चाळी. त्यांतल्या केशवजी नाईकांच्या चाळीत तर १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. गणपतीच्या दिवसांत चाळीच्या चौकात गाणे असले की श्रोत्याचा घरी जाण्याचा प्रवास म्हणजे एक जिना, आणि कित्येकांना तेवढेही कष्ट नकोत, कारण गॅलरीच्या कठड्याला रेलूनच त्यांचे ऐकणे चाललेले. लांबचा श्रोता म्हणजे परळचा, नाहीतर दादरचा. त्याला ट्रॅम असे. १८७४ साली घोड्यांनी ओढायला सुरुवात झालेली ही ट्रॅम १९६४ साली बंद पडेपर्यंत मुंबईच्या माणसाची सोबत करीत होती. ती चुकली तर तो चालत जाई, आणि चालता चालता ऐकलेल्या चिजेचा अंतरा आठवीत राही.

ज्या विजेच्या गाड्या १९२५ साली कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ साली बोरिवलीपर्यंत धावू लागल्या, त्यांच्याच आधाराने पुढे चाळीतली बिऱ्हाडे एकेक करून हलली. आज डोंबिवली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ४८ किलोमीटरवर आहे आणि विरार चर्चगेटपासून ६०. श्रोता आपल्या तानपुऱ्याच्या वेडासकट तिथे राहायला गेला. मैफल मात्र फारशी हलली नाही, किंवा हलली तरी दादर-पार्ल्याशी येऊन थांबली. मधल्या अंतराचे भाडे कोणी भरले? माझ्या मते ते रात्रीच्या रागांनी भरले.

हे जरा उलगडून सांगायला हवे. आपल्या परंपरेत रात्रीचे चार प्रहर, आणि प्रत्येकाचे राग वेगळे. दिवेलागणीनंतर यमन, नऊच्या पुढे बिहाग, मध्यरात्रीच्या आसपास मालकंस, दरबारी, अडाणा, आणि अखेरच्या प्रहरात सोहनी, परज, कालिंगडा; मग उजाडता उजाडता ललित. भातखंडे यांनी हे सारे शास्त्रात बसवून दिले, पण त्याच्याही कितीतरी आधीपासून गवयांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या अंगात ते मुरलेले होते. आता आपल्या सभागृहाची वेळ काय? सात ते पावणेदहा. म्हणजे एक प्रहर धड आणि दुसऱ्याचा तुकडा. यमन, पूरिया, मारवा, बिहाग, बागेश्री यांची चैन आहे. दरबारी अधूनमधून नऊच्या ठोक्याला म्हटला जातो, म्हणजे ज्या रागाला सारे जग निजलेले हवे तो रस्त्यावरच्या बसगाड्यांच्या भोंग्यांत आंदोलने घेत बसतो. आणि परज? कालिंगडा? गेल्या चार-पाच वर्षांत समोर बसून परज ऐकला असे सांगणारा श्रोता आढळला तर त्याचा सत्कार करावा. हे राग मेलेले नाहीत. ध्वनिमुद्रणांत ते सुखरूप आहेत. पण समोरासमोरच्या मैफलीतून ते गेले की शिकणारा मुलगा ते परीक्षेपुरते शिकतो. मग आणखी वीस-पंचवीस वर्षांनी ते गातील कोण?

यावर कोणी म्हणेल की, थोडक्यात गाणे हे काही कमी प्रतीचे गाणे नव्हे. अगदी मान्य. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत राग उभे केले, आणि मल्लिकार्जुन मन्सूर अर्ध्या तासात एखादा अनवट राग असा सांगून मोकळे होत की त्यात आणखी काही घालायला जागा उरत नसे. माझी तक्रार लांबीबद्दल नाहीच. तबकडीवर गाणाऱ्याला आपल्याला तीन मिनिटे आहेत हे ठाऊक असे आणि तो त्या मापाने बेतून गाई. सव्वानऊला चुळबुळ पाहून कापले जाणारे गाणे कोणत्याच मापाने बेतलेले नसते.

आता यातली गंमत पाहा. मुंबईच्या लोकल साधारण एकपासून चारपर्यंत विसावा घेतात. गेल्या काही वर्षांत आलेली मेट्रो, आणि त्यातही २०२५ साली गिरगावच्या पोटातून पूर्णपणे सुरू झालेली भुयारी मेट्रो, ही तर लोकलच्याही आधी निजते. म्हणजे दहाला संपणारी मैफल सोयीची, बारा-एकला संपणारी सर्वांत गैरसोयीची; आणि पहाटे पाचला संपणारी? ती पुन्हा सोयीची! श्रोता सभागृहातून निघतो, टपरीवर चहा घेतो आणि पहिल्यावहिल्या गाड्यांपैकी एकीत खिडकीशी जागा पटकावून डोंबिवलीपर्यंत डुलक्या घेतो. आपल्या पूर्वजांना हे गणित रेल्वे येण्याच्या आधीपासून माहीत होते. कोकणातला दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. गोंधळ रात्रभर चालतो. यात धर्माचा भाग असेल तो असो. पण अंधाऱ्या पाणंदीतून, ओढ्याकाठच्या वाटेने मध्यरात्री पोराबाळांना घेऊन घरी परतण्यापेक्षा उजाडेपर्यंत देवळापुढे बसून राहणे शहाणपणाचे, एवढे साधे व्यवहारज्ञानही त्यात होते. भैरवीने मैफल संपविण्याची चाल रूढ झाली तिच्यामागेही हेच असावे असे मला वाटते. भैरवी सकाळची रागिणी. ती झाली म्हणजे वाट दिसू लागली. आता ती पावणेदहाला, रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांपुढे म्हटली जाते, आणि निम्म्या श्रोत्यांना ती जिन्यावरून ऐकू येते.

रात्रभर गाणे ऐकण्याची ताकद माणसांत उरली नाही, हे म्हणणे मला पटत नाही. कलकत्त्याची डोव्हर लेन परिषद १९५२ पासून भर थंडीत रात्री जागवीत आली आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केला, तोही कितीतरी वर्षे रात्रभर चाले. शालीत गुरफटलेली माणसे पहाटेच्या गाण्यासाठी डोळे ताणून बसत. तो प्रकार थांबला तो कायद्याने. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वर्ज्य झाला, आणि वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देण्याची मुभा काय ती राहिली. शेजारच्या आजाऱ्याला आणि परीक्षेच्या मुलाला झोप मिळाली पाहिजे, हे कोण नाकारील? पण या नियमाचा दाखला लहान सभागृहांचे चालक देतात तेव्हा मात्र हसू येते. नियमात बंदिस्त सभागृहाला, आतल्या आतच आवाज राहत असेल तर, वेगळे स्थान दिलेले आहे. आणि शंभर माणसांच्या बैठकीला ध्वनिक्षेपक हवा कशाला? तंबोऱ्याची जोडी, सारंगी नाहीतर पेटी, आणि गवयाचा कमावलेला गळा यांना भिंतीपलीकडच्या माणसाची झोप मोडण्याइतका जोर नसतो. लहान सभागृहाला दहा वाजता दार लावायला कायद्याने सांगितलेले नाही. ते त्याला रखवालदाराच्या जादा वेळेच्या पैशाने आणि श्रोत्याच्या घड्याळाने सांगितले.

मात्र एका बाजूने हे घड्याळ उपकारकही ठरले, आणि जुन्याचे गोडवे गाताना ही बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. पहाटेपर्यंत चालणाऱ्या त्या बैठकांत बायका किती असत? गाणारी असली तरी ऐकणारी नसे. असलीच तर चिकाच्या पडद्याआड, किंवा चाळीतल्या वरच्या गॅलरीत, मूल मांडीवर थोपटीत. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, तेव्हा घरंदाज बाईने उजळ माथ्याने गावे आणि तिच्यासारख्याच बायकांनी येऊन ऐकावे, अशी वाट मोकळी झाली. आज संध्याकाळच्या मैफलीत निम्म्याहून अधिक खुर्च्यांवर स्त्रिया दिसतात, त्याला ही सातची वेळ फार मोठे कारण आहे. कचेरीतून परस्पर यायचे, गाणे ऐकायचे, आणि गाडीच्या बायकांच्या डब्यात पुरेशी वर्दळ आहे तोवर परतायचे. म्हणून रात्रीची मैफल पुन्हा सुरू करा म्हणणाऱ्याने आधी सांगावे की, त्या मैफलीतून एकटी बाई घरी कशी जाईल. रात्री एक वाजता जाऊ शकणार नाही. मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीला तिकिटाच्या कैक पट पैसे मोजून आणि घरच्यांचा जीव टांगणीला लावूनच जाईल. पहाटे साडेपाचला, चौघीजणींबरोबर, दूधवाले आणि पेपरवाले रस्त्यावर आलेले असताना सहज जाईल.

कलावंतांच्या परतीविषयी तर आपण विचारही करीत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना अब्दुल करीम खाँसाहेबांना गाडीत अस्वस्थ वाटू लागले, वाटेत सिंगपेरुमाळ कोविलच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, आणि तिथेच त्यांचा अंत झाला. भीमसेन तर एका गावची मैफल आटोपून रात्रीच स्वतः मोटार हाकीत दुसऱ्या गावाला निघत. आजचा तरुण तबलजी दोन डग्गे-तबले खांद्याला लावून मालडब्यात उभा असतो. त्याचे मानधन ठरविताना ही गोष्ट कोणाच्या हिशेबात असते काय?

दहाच्या आत संपवायचे तर वेळ कोठून आणावा, याचे उत्तर मात्र सोपे आहे. तो भाषणांतून आणावा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, शाल, श्रीफळ, प्रायोजकांचे मनोगत, आणि मध्यंतरानंतर आभारप्रदर्शन. हे सगळे मिळून अख्खा मालकंस गिळून बसते. समईची वात लावायला पाच पाहुणे लागतात आणि प्रत्येकाला मेणबत्ती पुढच्याच्या हाती देताना छायाचित्र हवे असते. ज्या मंडळाने हा सोहळा बंद केला आणि पत्रिकेवरच्या वेळेला षड्ज लावला, त्या मंडळाचे श्रोते शेवटपर्यंत बसतात. कारण त्यांना शेवट केव्हा होणार हे ठाऊक असते.

दिवाळीत आपल्यापैकी पुष्कळजण अभ्यंगस्नान उरकून दिवाळी पहाटेला जातात. नव्या रेशमी वस्त्रांत, उटण्याच्या वासात, सहाच्या ठोक्याला सुरू होणारे हे गाणे म्हणजे कायद्याने दहाच्या अलीकडे हाकललेली मैफल दुसऱ्या दाराने घरात आल्यासारखे आहे. पण तिथे काय ऐकवतात? दहा मिनिटे ललित किंवा भटियार, आणि लगेच अभंग, नाट्यगीत, भावगीत, फर्माइशी. ललित रंगायला लागतो न लागतो तोच निवेदक येऊन दिवाळीचे महत्त्व सांगू लागतो. आलेला श्रोता ताजा आहे, त्याला कोठली गाडी पकडायची नाही, फराळाला आठ वाजता पोचला तरी चालणार आहे. आणि नेमक्या त्याच श्रोत्याला आपण घाईचे गाणे देतो!

एखाद्या लहान मंडळाने वर्षातून निदान दोनदा, शनिवारी रात्री दहाला दार लावावे आणि पहाटे पाचला उघडावे. खुर्च्या काढून सतरंज्या घालाव्यात, ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, दोन वाजता पिठले-भात आणि चहाची सोय असावी. दोनच गवई बोलवावेत, आणि त्यांतल्या एकाला आधीच बजावावे की परज तयार करून या. पत्रिकेवर प्रायोजकांची नावे छापतात त्या जागी तिन्ही मार्गांच्या पहिल्या गाड्यांच्या वेळा छापाव्यात.