'कासव' : न विचारलेले नाव

पुणे-नाशिक रस्त्यावरील आमच्या पेठ गावी एस.टी.तून उतरलेला परका माणूस पाणी मागतो, तेव्हा तांब्या पुढे करतानाच आपण विचारतो, "कुठल्या गावचं पाव्हणं?" त्यात आपुलकीच असते. पण ज्याला स्वतःचे नावच नकोसे झाले आहे, त्याने काय सांगावे? 'कासव' या चित्रपटाचा जीव या प्रश्नात आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला २०१६ सालचे सुवर्णकमळ मिळाले. कथा म्हणाल तर दोन ओळींची. जगण्याला विटलेला एक तरुण जानकीला वाटेत आजारी अवस्थेत सापडतो, आणि ती त्याला आपल्या गाडीतून कोकणात समुद्रकाठच्या घरी नेते. नाव-गाव विचारीत नाही. तीही एकाकी, त्याच अंधारातून गेलेली. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांनी हे अबोलपण सुरेख सांभाळले आहे.

कासवीण वाळूत अंडी घालून समुद्रात परतते. त्यांची राखण परकी माणसे करतात. हे रूपक दिग्दर्शकांनी जरा अधिकच समजावून सांगितले आहे. शिवाय, दाराशी गाडी आणि राहायला ऐसपैस घर नसते तर, अशी शंकाही मनात येते. परंतु जानकीचे खरे दान गाडीचे नव्हे, धीराचे आहे. आणि ते एस.टी.ने फिरणाऱ्यालाही देता येते.

या दिवाळीत एखादा अबोल पाहुणा दाराशी आला, तर फराळाचे ताट आधी पुढे करावे. चौकशी मागाहून.