'सहिष्णुता' या संज्ञेविषयी

टी पेशी स्वदेहावर वा आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूंवर हल्ला करीत नाहीत, या अवस्थेस आपली परिभाषा 'सहिष्णुता' म्हणते. संज्ञा व्याकरणदृष्ट्या निर्दोष असली तरी दिशाभूल करणारी आहे. वेदभाषेत 'सह्' या धातूचा अर्थ 'जिंकणे' असाही होता. पुढे 'सोसणे' हाच रूढ झाला. परिणामी मराठी वाचकास तीत केवळ निष्क्रिय सोशिकपणा दिसतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. १९९५ साली शिमोन साकागुची यांनी टी पेशींतील एक विशिष्ट गट वगळून उरलेल्या पेशी, ज्यांना स्वतःच्या टी पेशी नाहीत अशा उंदरांत सोडल्या. त्यांनी त्या उंदरांच्याच अवयवांवर हल्ला चढविला. अर्थात शांतता राखावी लागते, आणि ती राखणाऱ्या पेशी निराळ्या असतात. (२०२५ च्या नोबेल पारितोषिकात साकागुची हे एक मानकरी होत.) आतड्यातील जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून ब्युटिरेट बनवितात व त्याने या राखणदार पेशी वाढतात, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. संग्रामपूरकडील ज्वारीच्या भाकरीतही तंतू असतात. तथापि तेवढ्यावरून भाकरीस औषध ठरविण्याची घाई नको.

'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द तर अधिकच घातक. शक्ती म्हटली की ती वाढविणे इष्टच, हा समज शब्दातच दडलेला आहे. आमवाताच्या रोग्यास आप्तेष्ट 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे सांगतात, आणि त्याचा वैद्य तर तीच आवरण्याचे औषध देत असतो! 'नियामक टी पेशी' या संज्ञेत हे आवरण्याचे कर्तृत्व आले आहे. 'सहिष्णुते'च्या व्याख्येत मात्र ते अद्याप यावयाचे आहे.