तिची घागर रिकामी आहे

आजोळी, बीड तालुक्यातल्या गावात, देवघराशेजारच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर-चित्र आहे. तारखांचा भाग कापून आजीनं वरची बाई तेवढी फ्रेम करून घेतली. नदीकाठ, कमरेवर घागर, ओला पदर, मान वळवून आपल्याकडे पाहणारी नजर. सही नाही, पण वळण रघुवीर मुळगावकरांचं.

मुळगावकरांच्या (1918–1976) चित्रांत स्प्रेचं काम ओळखू येतं. ब्रशचा फटकारा दिसत नाही, त्वचा आत दिवा लावल्यासारखी उजळते. आजच्या ब्यूटी फिल्टरसारखी. याच हातानं कॅलेंडरवरचे देव रंगवले आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही. त्यामुळे त्या काळच्या कॅलेंडरांतली लक्ष्मी आणि पाणवठ्यावरची बाई सख्ख्या बहिणी वाटतात. एकीला हात जोडायचे, दुसरीकडे चोरून बघायचं. देवघराशेजारी ही बाई खपून गेली ती या चेहऱ्यामुळेच.

अमेरिकेत गिल एल्व्हग्रेनच्या पिन-अप चित्रांत स्कर्ट कुठंतरी अडकतो, नाहीतर वाऱ्यानं उडतो, आणि बाई दचकते. म्हणजे दोष वाऱ्याचा, बघणारा सुटला. आपल्याकडे वाऱ्याचं ते काम पाण्यानं केलं. पाणी भरायला आलेली बाई भिजणारच! तिचे कष्ट हे तिच्याकडे बघायचं निमित्त.

फोनवर फोटो झूम करत मी हे सगळं आजीला ऐकवलं. आजीनं कित्येक वर्षं ऊसतोड केली, डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून ट्रकवर चढली. ती म्हणाली, "लेकरा, तिची घागर रिकामी हाय. भरलेली असती तर कंबर अशी ऱ्हायली असती का?"

पुन्हा पाहिलं. कमरेला बाक नाही, मानेची शीर ताणलेली नाही, पायाला चिखल नाही. चित्रकाराला शरीर उत्तम येत होतं. वजन त्यानं जाणून वगळलं होतं. मी इतका वेळ पदराबद्दल बोलत होतो, घागरीकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं.

"मग हे खोटं चित्र लावलंस कशाला?"

"तिला कुणी हाका मारीत न्हाई, म्हणून."

या चित्रात पुरुषाची नजर आहे, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण ते भिंतीवर टिकवलं एका बाईनं, आणि तिनं त्यात निवांतपणा पाहिला. चित्र खोटं आहे हे तिला माझ्या कितीतरी आधी माहीत होतं.