‘अस्थिरोपण’ : एका संज्ञेची चिकित्सा

मराठीत आरोग्यविषयक लेखन विपुल होते. परंतु त्यातील संज्ञांची चिकित्सा क्वचितच केली जाते. प्रस्तुत लेखात ‘अस्थिरोपण’ या एकाच संज्ञेचा विचार करावयाचा आहे. कर्करोगामुळे काढलेला जबडा पायाच्या हाडापासून पुन्हा घडविण्याच्या शस्त्रक्रियेसही बहुधा हाच शब्द योजला जातो आणि तेथेच अर्थाचा घोटाळा सुरू होतो.

वस्तुतः या एका शब्दाखाली दोन भिन्न क्रिया येतात. पहिल्या क्रियेत कमरेच्या हाडाचा तुकडा काढून उणीव असलेल्या जागी बसवितात. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यातील बहुतेक पेशी मरतात आणि भोवतालच्या रक्तवाहिन्या आत शिरून जुन्याच्या जागी हळूहळू नवे हाड तयार होते. उणीव लहान असेल तर हे साधते; ती मोठी असेल किंवा जागेवर किरणोपचार झाले असतील तर अनेकदा फसते. दुसऱ्या क्रियेत पोटरीच्या बाहेरील अंगाचे बारीक हाड त्याला पोसणाऱ्या धमनी व शिरांसह काढतात आणि त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडतात. हे हाड जिवंतच येते आणि मोडलेले हाड सांधावे तसे सांधते. ऑस्ट्रेलियातील इयान टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये नडगीच्या दुरुस्तीसाठी ही पद्धत मांडली. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी 1989 मध्ये ती जबड्यासाठी वर्णिली. सुमारे 25 सें.मी.पर्यंत हाड मिळते. ते काप घेऊन जबड्याच्या वळणाचे करता येते.

विदर्भातील संत्रा बागायतदाराला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. जंबेरीच्या खुंटावर बांधलेला संत्र्याचा डोळा खुंटाच्या रसावरच जगतो, हे कलम. वांग्याचे रोप मात्र आपल्या मुळांसकट दुसऱ्या वाफ्यात जाते, हे रोपण. या न्यायाने पहिली क्रिया ‘अस्थिकलम’ ठरते आणि ‘रोपण’ हा शब्द खरे पाहता दुसरीलाच शोभतो. ‘सवाहिनी अस्थिरोपण’ म्हटल्यास अर्थ अधिक नेमका होईल.

रक्तपुरवठ्याचे हे तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीपासून घडविले. त्याचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आला. त्या कातडीचा देठ भुवयांच्या मध्ये जोडलेलाच ठेवला होता, हे त्यातील मर्म. सुश्रुताचा अभिमान रास्तच आहे. पण आपली गौरवपर व्याख्याने नाकाचे कौतुक करतात आणि देठ विसरतात. कळंबसारख्या चिंतामणीच्या गावी तर गणपतीच्या मस्तकाचा दाखलाही सहज दिला जातो. श्रद्धेचा प्रांत निराळा. शस्त्रक्रियेच्या इतिहासात पुण्याचा तो अनामिक कारागीर अधिक मोलाचा आहे.

हा वाद केवळ परिभाषेचा असता तर तो कोशकारांवर सोपविता आला असता. परंतु पन्नीवर घोटलेला खर्रा आपल्या भागात अजूनही सर्रास मिळतो. राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सुगंधित तंबाखू व सुपारीवरही पुढे निर्बंध आले. सवय मात्र सुटली नाही. सुपारी व तंबाखू दोन्ही तोंडाच्या कर्करोगाची ज्ञात कारणे आहेत. त्यामुळे जबडा गमावलेला रुग्ण आपल्याला परका नाही, आणि शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर सही करताना त्याच्यासमोर हाच मोघम शब्द येतो.

शेतमजुराचा पहिला प्रश्न असतो, पाय अधू होईल काय? शरीराचा बहुतेक भार नडगीचे मोठे हाड पेलते, घोट्याजवळचा सहा-सात सें.मी. भाग राखून ठेवतात, बहुतेक रुग्ण चालू लागतात. काहींच्या घोट्यात वा अंगठ्यात मात्र अशक्तपणा राहतो. दुसरी बाब त्याहून नाजूक आहे. जोडलेल्या वाहिनीत गुठळी झाली तर आणलेला सारा भाग मरू शकतो. धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणूनच परिचारिका रात्रंदिवस ठरावीक अंतराने हाडासोबत आणलेल्या कातडीचा रंग पाहते आणि तो पालटल्यास रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. ‘हाड बसविले’ एवढेच ऐकलेल्या नातेवाइकाला ही दुसरी शस्त्रक्रिया डॉक्टरांची चूक वाटते.