विल्यम फोर्साइथ : बॅलेच्या व्याकरणाचा पुनर्विचार

विल्यम फोर्साइथ (जन्म १९४९) यांना बॅलेचे विध्वंसक ठरविणारी समीक्षा त्यांच्या रचनांतील मोडतोड तेवढी पाहते. तिच्यामागील शिस्त तिच्या नजरेतून निसटते. ‘आर्टिफॅक्ट’ (१९८४) मध्ये बाखची शाकोन चालू असतानाच पडदा धाडकन खाली येतो आणि पुन्हा वर जातो, तेव्हा नर्तकांची मांडणी पालटलेली असते. मधले स्थित्यंतर दिसतच नाही. सर्व काही पाहण्याचा जो हक्क प्रेक्षक गृहीत धरतो, तोच येथे काढून घेतलेला आहे.

पॅरिस ऑपेरा बॅलेसाठी रचलेल्या ‘इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड’ (१९८७) मध्ये पदाग्रांवरील तोल जवळजवळ कोसळण्यापर्यंत ताणला आहे. (शीर्षकात गूढार्थ शोधू नये, रंगमंचावर मध्यभागी, किंचित उंच टांगलेल्या दोन सोनेरी चेरींचा तो पत्ता आहे.)

रुडॉल्फ लाबान यांनी देहाभोवती एककेंद्री अवकाश कल्पिला होता. फ्रँकफर्ट बॅलेच्या संचालकपदाच्या काळात (१९८४–२००४) फोर्साइथ यांनी ते केंद्र कोपर, गुडघा, कान अशा कोणत्याही अवयवाकडे नेले. परिणामी नर्तक हा आज्ञाधारक न राहता सहनिर्माता झाला. या प्रक्रियेला साहित्यसमीक्षेतील ‘विरचना’ ही संज्ञा सर्रास लावली जाते. ती अपुरी वाटते. कारण संहिता वाचकाच्या देहाबाहेर असते, बॅलेचे व्याकरण मात्र नर्तकाच्या स्नायूंत मुरलेले असते. ते नाकारण्यासाठीही तेच वापरावे लागते. ‘ब्लेक वर्क्स १’ (२०१६) मधील अभिजात पदन्यासांना म्हणूनच ‘पुनरागमन’ म्हणता येत नाही.