उतारवय न मिळालेला ट्रम्पेट

गडबच्या हळदीत आता बेंजो आणि डीजे वाजतो. ब्रास बँड वरातीत क्वचित दिसतो. पण दिसला, की ‘अलबेला’मधलं एखादं गाणं हमखास होतं. ट्रम्पेटवाल्यापुढे नोटेशन नसतं, चाल त्याच्या बोटांत असते. जॅझवाले ज्याला ‘स्टँडर्ड’ म्हणतात ते याहून फार वेगळं नाही. मूळ गाणं बहुधा नाटका-सिनेमातलं, पण वादकांनी इतक्यांदा वाजवलेलं, की ते त्यांच्याच मालकीचं झालं.

अशा गाण्यांवर वादकाचा खरा कस उतारवयात लागतो. चेट बेकरने ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ १९५२मध्ये जेरी मलिगनच्या चौकडीत वाजवलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. २८ एप्रिल १९८८ रोजी हॅनोव्हरला मोठ्या वाद्यवृंदासह त्याने तेच पुन्हा घेतलं. पंधरा दिवसांनी अॅमस्टरडॅममध्ये तो गेला. मधल्या काळात दात गमावून, कवळी लावून त्याला फुंक नव्याने बसवावी लागली होती. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका ऐकताना लोक त्याच्या मृत्यूलाच दाद देतात. मला ते पटत नाही. दाद द्यायची ती त्याच्या वगळण्याला. वाद्यवृंदाचा भरणा कधी जास्त होतो, पण बेकर मोजक्या स्वरांवर चाल उभी करतो.

आपल्याकडे हा कस लागायला हवा होता तो चिक चॉकलेट यांचा. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या ताजमध्ये त्यांचा बँड वाजे. त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते झालरीच्या कपड्यांत बँडसह पडद्यावरही दिसतात.

त्या वादनाला जॅझ म्हणण्याची घाई करू नये. जॅझमध्ये वादक चाल मोडून आपली बांधतो. चित्रपटगीतात त्याला दोन ओळींमधली फट मिळते, ती ठरल्या मात्रांत भरून बाहेर पडायचं असतं. आर्मस्ट्राँगचं नाव चिकटवल्याने चिक यांचं नुकसानच झालं, कारण माप दुसऱ्याचं लागलं. त्यांचं माप ही फटच. तेवढ्यात स्विंगचा झोका आणायचा आणि गायकाच्या ओळीवर पाय पडू द्यायचा नाही. बेकर वगळण्यापर्यंत छत्तीस वर्षांनी पोचला. सिनेमात चिक यांना मुळात जागाच तेवढी होती.

१९६७मध्ये, पन्नाशीतच, ते गेले. ती जुनी गाणी आपल्या मर्जीने, सावकाश, पुन्हा वाजवायचं वय त्यांना मिळालं नाही. तबकडीवर नाव छापलं जाई ते गायकाचं आणि संगीतकाराचं. म्हणून वरातीतला ट्रम्पेटवाला ज्या वादकांची परंपरा चालवतो, त्यांची नावं त्याच्यापर्यंत पोचलेली नसतात. रस्त्यात वाजणारी चाल हाही दस्तऐवजच आहे. त्यावर वादकाचं नाव घालण्याचं काम तरी आपण करावं.